चुंबकाला चिकटलेली तार

या, असे जवळ सरका. वाऱ्याकडे पाठ करून बसा, नाहीतर माझा अर्धा आवाज समुद्र घेऊन जाईल. चहा येतोय. गोडच येतो, इथे कुणी विचारत नाही. आज तुम्हाला वगीहची गोष्ट सांगतो. गुरुवारी सूर्य मावळल्यावर, मगरिबच्या नमाजानंतर आमचे शेख मदबूली डफावर थाप मारून नबींच्या गोष्टी गातात, तसली ही गोष्ट नव्हे आणि माझा गळाही तसला नाही. पण चाळीस वर्षं मी त्या प्रवचनाला पुढच्या ओळीत बसतोय. रडून घेतो, हलकं होऊन घरी जातो. तिथे एवढं कळलं, की सांगणाऱ्याने स्वतःपुरतं झाकून ठेवलं की सूर लागत नाही. तेव्हा मी झाकणार नाही. आणि गोष्टीत रक्त आहे, हे आधीच सांगतो. कुणाला सोसत नसेल तर त्याने चहा पिऊन उठावं, मला राग नाही.

माझं दुकान अलेक्झांड्रियाच्या अनफूशी भागात, मासळीबाजाराच्या तोंडाशी. गळ, दोऱ्या, शिसं, जाळी शिवायच्या सुया. भिंतीला भिंत लागून वगीहचं दुकान. त्याचा बाप पंख्यांच्या, पंपांच्या जळलेल्या मोटारी भरायचा, म्हणजे काळी पडलेली तांब्याची तार उपसून नवी गुंडाळायची. बाप गेला, लोक जळलेली मोटार फेकून नवी घ्यायला लागले, आणि वगीह व्हेपच्या, म्हणजे सेलवर चालणाऱ्या सिगारेटच्या, कॉइली वळायला लागला. अलेक्झांड्रियात तेव्हा व्हेपचं यंत्र उघडपणे मिळत नव्हतं. खलाशी आणायचे, मोज्यात लपवून. यंत्र येई, पण त्याच्या आतली धूर करणारी कॉइल आठवड्याभरात काळी पडे, आणि नवी कुठून आणणार? मग वगीहकडे.

शेखना धुराचं वावडं. ते म्हणायचे, "अल्लाने छाती दिली ती श्वास भरायला, तुम्ही तिचा धुराडा केलात." वगीह समोर बसून मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वळायला बसायचा. मी टोचलं की म्हणायचा, "हाजी, मी ओढतो का? मी नुसतं वळतो. तुम्ही गळ विकता, मासे मारता का?"

त्याचं काम बघायला मी माझं गिऱ्हाईक टाकून जायचो. दोन जाड तारांचं एक टोक ड्रिलच्या जबड्यात, दुसरं टोक माझ्याकडच्या भोवरकडीत. गळाच्या दोरीला पीळ पडू नये म्हणून लावतात ती फिरती कडी, तीच. कडी भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेली. मग केसाएवढी बारीक तार उजव्या अंगठ्याच्या नखाशी धरायची आणि ड्रिल चालू करायचं. जाड तारा जागच्या जागी गरगरतात, आणि बारीक तार त्यांच्यावर वळ्याला वळा लावून चढत जाते. अंगठा जवभर मागे राहिला तर फट पडते, पुढे गेला तर वळ्यावर वळा बसतो. वगीहचा अंगठा कधी मागे नाही, कधी पुढे नाही. डोळे मिटून करायचा. ओठांत शेखचंच कवन, आणि ड्रिलचा आवाज बाजाच्या पेटीसारखा त्याच्या खालून चाललेला. हातभर तार तयार झाली की तिचे तुकडे करायचे, एकेक तुकडा सळईवर सहा वेढे गुंडाळायचा, की झाली कॉइल. जोडी करून कागदात बांधायची.

आता माझा भाग.

बंदरातला एक जहाजी सामानवाला वारला. त्याच्या मुलांनी गोदाम रिकामं केलं, आणि त्यातली एक पेटी माझ्याकडे आली. तळाशी तारेचं एक रीळ होतं. चिठ्ठी गळून गेलेली. कसली तार, मला ठाऊक नाही. मी ते उचललं आणि वगीहच्या टेबलावर ठेवलं. बुधवार होता.

"बघ तुझ्या कामाचं का."

त्याने खिशातून चुंबक काढलं. त्या सगळ्या वळणाऱ्यांची ही रीत. त्यांच्याकडे दोनच तारा चालायच्या. एक लोखंड-क्रोमची, ती चुंबकाला चिकटते. दुसरी निकेल-क्रोमची, ती चिकटत नाही. चिठ्ठी नसली तरी चुंबक सांगतं.

टक्कन चिकटली.

"लोखंड-क्रोम!" वगीह हसला. "हाजी, घबाड आणलंत."

नुसतं निकेल, कशातही न मिसळलेलं, तेही चुंबकाला चिकटतं. हे त्याने कधीतरी ऐकलं होतं. पण आमच्या गल्लीत शुद्ध निकेल कोण आणून ठेवणार? आणि ते निकेलच होतं. लोखंड-क्रोमच्या तारेतून वीज कण्हत-कुंथत जाते, म्हणून तार तापते, लाल होते. निकेलमधून ती सताड उघड्या दारातून गेल्यासारखी जाते, आणि जिथून निघाली तो सेलच पेटतो. हे सगळं मला नंतर कळलं. तुम्ही आधी ऐकताय, तुमचं नशीब.

गुरुवारी सकाळी वगीहने त्या रिळाची हातभर तार वळली. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या चहाखान्यात पोरांची ढगांची शर्यत होती, कोण सगळ्यात लांब धूर सोडतो त्याची. त्यामुळे गिऱ्हाइकांची रांग. एरवी तो पहिला तुकडा छोट्या मापकावर लावून बघायचा, तार विजेला किती अडवते ते. मापकाचा सेल संपला होता. "दुपारी बदलतो," म्हणाला. मध्येच एकदा थांबून त्याने अंगठा चोळला.

"काय झालं?"

"तार आज मऊ लागतेय, हाजी."

"समुद्राची हवा आहे," मी म्हणालो. तारेबद्दल मला काय कळत होतं! पण बोललो.

दहाच्या सुमाराला दसूकी आला. बावीस वर्षांचा, कोंबड्यासारखा तुरा काढलेला. मासळीबाजाराचा दादा मुअल्लिम गंदूर, त्याचा हा धाकटा भाऊ. दोघांना आईबाप नाहीत. गंदूरने याला खांद्यावर घेऊन मासे विकले आहेत, मी डोळ्यांनी बघितलंय.

"उस्ता वगीह! उद्या मला असा ढग पाहिजे, की किल्ल्यावरच्या दिव्याला वाटावं धुकं पडलं!"

"तुझ्या तोंडाला वाफ कमी आहे का, की आणखी पाहिजे?" वगीह म्हणाला.

"बोला, बोला. हाजी, याला सांगा, जिंकलो तर तुमच्या दुकानासमोर मेंढा कापीन."

"आमच्या दारात घाण नको," मी म्हणालो. "तुझ्या भावाच्या दारात काप."

त्याची व्हेप म्हणजे नुसती पितळी नळी. आत ना चिप, ना फ्यूज. खाली बटण, वर कॉइल, मध्ये सेल. वाफ कोंडू नये म्हणून नळीला भोकं असतात, ती याने नक्षीचा पत्रा बसवताना बुजवून टाकलेली. वगीहने कॉइल बसवली, तिच्या पोटातून कापूस ओढला, रसाचे थेंब सोडले. मग तो मापकासाठी सेल शोधायला खण उघडायला वळला.

"थांब, दाबू नकोस."

दसूकीने दाबलं.

कॉइल लाल व्हायला हवी होती. झाली नाही. तिथेच त्याने सोडून द्यायला हवं होतं. पण कॉइल पेटत नाही असं दिसलं की ही पोरं काय करतात? आणखी जोरात दाबतात आणि डोळा लावून आत बघतात. त्यानेही नळी तोंडासमोर धरली, डावा डोळा जवळ नेला.

"उस्ता, ही तर मेलेली—"

मग नळी चटकली. "आई गं!" तो ओरडला, पण बटण वितळून आतच रुतलं होतं. हातातून टाकायला त्याला अर्धा क्षण कमी पडला.

मी चुलत्याच्या होडीवर सुरुंगाने मासे मारताना आवाज ऐकलाय. तसा आवाज. पितळेचा तुकडा माझ्या कानाजवळून गेला आणि गळांच्या डब्यात शिरला. धूर विरला तेव्हा दसूकी उभाच होता. खालचा ओठ मधोमध फाटून दोन बाजूंना लोंबत होता. दात हनुवटीवरून ओघळून शर्टात पडत होते. डाव्या डोळ्याच्या जागी मी बघितलं नाही, बघवलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं कातडीवर लटकलेली. तो काहीतरी बोलायला गेला आणि तोंडातून नुसते रक्ताचे बुडबुडे आले. मग बसला. कुणीतरी खाली बसवल्यासारखा सावकाश बसला.

बर्फवाल्याने त्याला आपल्या गाडीत घातलं. बर्फाच्या लाद्या लाल करत गाडी इस्पितळाकडे गेली. वगीह दाराशी उभा होता, हातात रिकामा खण.

"पळ," मी म्हणालो. "मावशीकडे रोझेट्याला जा. आत्ता जा."

"त्याला डोळा राहील का, हाजी?"

"अरे पळ!"

पळाला नाही. खाली बसून दसूकीचे दात गोळा करायला लागला. कदाचित डॉक्टर बसवतील, म्हणाला.

दुपारच्या जोहरची बांग व्हायच्या आत गंदूर आला. अंगातल्या पायघोळ गलाबियाचा पुढचा भाग छातीपासून गुडघ्यापर्यंत भावाच्या रक्ताने माखलेला, हातात मासे ओढायचा आकडा. बरोबर दोघं, त्यातला एक शलबी, बर्फ फोडणारा, दरवाजाएवढा. मागे अर्धा बाजार.

आकड्याच्या दांड्याने गंदूरने पहिल्यांदा वगीहच्या गुडघ्यावर हाणलं. वगीह कोसळला. मग बरगड्यांवर. मग पाठीवर. ओल्या चामड्यावर काठी बसावी तसा आवाज. दुसऱ्याने मांडणी ओढून पाडली, रिळं रस्त्यावर घरंगळत गेली. शलबीने वगीहची मान धरून त्याला उचललं आणि तोंड काचेच्या कपाटावर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा काच फुटली.

"कुठल्या हाताने बनवलीस?" गंदूरने पहिल्यांदा तोंड उघडलं.

वगीहच्या तोंडात रक्त होतं. त्याने उजवा हात पुढे केला. खरंच केला. गंदूरने मनगट पकडून टेबलाकडे ओढलं. तिथे बापाच्या वेळचा वाईस बसवलेला, मोटारी धरायचा. त्याच्या लोखंडी जबड्यात त्याने वगीहचा अंगठा घातला आणि दांडा अर्धा फिरवला. अंगठा पकडला गेला.

"माझ्या भावाचा डोळा गेला. तू याच्यावर जेवतोस ना? आजपासून जेवू नकोस."

तेव्हा मी बोललो. धीर होता म्हणून नव्हे. त्याने "तार कुठून आणलीस" असं विचारलं तर काय, ही भीती होती, म्हणून.

"मुअल्लिम, खुदाची शपथ, सेल फुटला! सेलवरची पट्टी फाटलेली होती. मी बघितली. असला सेल कुठल्याही नळीत फुटतो. याचा काय दोष?"

मी सेल बघितलाच नव्हता. खुदाची शपथ घेऊन खोटं बोललो, बांगेच्या वेळेला.

गंदूरचा हात दांड्यावर थांबला.

"कसला सेल?"

"निळा," मी म्हणालो. बहुतेक निळेच असतात.

त्याचा चेहरा उतरला. "निळा," तो म्हणाला. "जुन्या लॅपटॉपमधून मीच काढून दिला होता. रोज डोकं खायचा, सेल दे, सेल दे." त्याने वाईसचा दांडा सैल केला. आकडा गळून पडला. एवढा मोठा माणूस, पण पिंपावर बसला आणि तोंडात गलाबिया कोंबून रडायला लागला. "मीच दिला रे. मीच."

कुणी पाण्याची बाटली पुढे केली. एक म्हातारी कोळीण म्हणाली, "अल्ला झाकणारा आहे, मुअल्लिम. उठ, भावाजवळ जा." आटपलं होतं. वगीहचा अंगठा वाचला होता. तो जमिनीवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होता, आणि मी दुसरीकडे.

मारून झाल्यावर शलबीला तलफ आली. तो उंबरठ्यावर बसला, खिशातून आपली नळी काढली. पितळीच. बटणावर अंगठा ठेवला आणि ओठांशी नेली.

"दाबू नको!"

असा आवाज वगीहच्या छातीतून कसा निघाला, मला माहीत नाही. बरगड्या मोडलेल्या होत्या. तो हातांवर सरपटत गेला आणि शलबीच्या पायाला त्याने मिठी मारली.

"कॉइल कुठली आहे? आज सकाळची? माझ्याकडची?"

"तुझीच. आठला नेली. बसवली, पण अजून ओढली नाही." शलबी गांगरला. "सोड पाय, वेड लागलं का?"

"काढ ती. सेल काढ आधी. दाबलंस तर तुझंही तोंड जाईल."

"वगीह," मी म्हणालो. "वगीह, गप्प राहा." सगळ्यांच्या देखत म्हणालो.

"कसा राहू, हाजी?" तो म्हणाला. मग गंदूरकडे वळला. "मुअल्लिम, सेल नव्हता. तार होती. आत्ता पडल्या पडल्या हातात आली, तेव्हा कळलं. लोखंड-क्रोम अशी वाकत नाही. सकाळी माझ्या अंगठ्याने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

गंदूर उठला. "पुन्हा बोल."

"हाजींच्या विजेरीतला सेल मापकात घाला. बघा."

सेल मीच आणून दिला. शलबीच्या कॉइलला मापकाच्या दोन काट्या लावल्या, आणि पडद्यावर तीन शून्यं आली, म्हणजे तार विजेला अडवतच नव्हती. गंदूरला आकडे येत नाहीत.

"काय म्हणतंय?"

कोळीण म्हणाली, "काही नाही म्हणतंय, बाबा. शून्य."

"तार तुला कुणी दिली?"

बघा, तुम्ही जवळ बसलात म्हणून सांगतो. मी वगीहपासून दोन हातांवर होतो. वगीहने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तरी गंदूरला कळलं असतं.

"जुन्या मालातली होती. चुंबक मी लावलं. मापक मी टाळलं. माझंच काम, मुअल्लिम."

आणि मी, पुढच्या ओळीत बसणारा, काही बोललो नाही.

गंदूरने त्याला मानेला धरून उचललं आणि अंगठा परत वाईसमध्ये घातला. "शलबी. फिरव."

शलबी उठला. एका हातात त्याची नळी, दुसऱ्यात सेल. "मुअल्लिम, याने आत्ता माझं तोंड वाचवलं."

"फिरव म्हणतो!"

"नाही फिरवत."

गंदूरने मान मागे घेतली आणि आमच्या अलेक्झांड्रियात मारतात तशी डोक्याची धडक दिली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज रस्त्याच्या पलीकडे गेला असेल. शलबी दारातून बाहेर उताणा पडला. मग गंदूरने दोन्ही हात दांड्यावर ठेवले.

त्या वेळी वगीहने काय केलं ते लक्षात ठेवा. त्याने दयेची भीक मागितली नाही. तो गर्दीकडे तोंड करून ओरडायला लागला.

"त्या तारेच्या आणखी गेल्यात! बहगत, मिक्रोबसवाला, मन्शियाच्या थांब्यावर—"

दांडा फिरला. नख तडकलं. वगीहचा शब्द किंकाळीत गेला आणि किंकाळीतूनच पुढचा शब्द आला.

"—पळा कुणीतरी! मादाम इनास, औषधांच्या दुकानातली, तिची काळी नळी आहे—"

दांडा फिरला. ओली फांदी मोडावी तसं झालं. रक्त वाईसच्या पाटीवरून टेबलावर, टेबलावरून गंदूरच्या पायावर. गर्दीतली दोन माणसं पळाली, मग चार. जमिनीवरून शलबी उठला, नाक हातात धरून, आणि थांब्याच्या दिशेने धावत सुटला.

"—आणि एक अजून! नाव नाही माहीत! मोहरीच्या रंगाचा शर्ट, दाढी छाटलेली, रोझेट्याच्या गाडीला जायचं म्हणाला! पहिल्यांदाच आला होता! सांगा त्याला, कुणीतरी सांगा—"

गंदूरने शेवटचा वेढा दिला. वगीहची शुद्ध गेली, पण अंगठा अडकलेला असल्यामुळे तो खाली पडू शकला नाही. हाताला टांगलेला राहिला. मग गंदूरनेच दांडा उलटा फिरवला, त्याला खांद्यावर टाकलं आणि त्याच इस्पितळात नेलं. का, ते मला विचारू नका. माणसाच्या काळजात काय असतं ते त्याला घडवणाऱ्यालाच ठाऊक.

बहगत थांब्यावर सापडला. नळी समोरच्या काचेखाली ठेवलेली, कॉइल बसवलेली, गाडी भरायची वाट बघत होता. भरली की पहिला झुरका, असा त्याचा नेम. मादाम इनासने कागद अजून उघडला नव्हता. तिने तो शलबीच्या हातात दिला आणि त्याचं नाक बघून त्याला आधी खुर्चीत बसवलं.

मोहरी रंगाच्या शर्टाचा माणूस सापडला नाही. रोझेट्याच्या दोन गाड्या निघून गेल्या होत्या. शलबी तिसरीत बसून गेला, तिकडच्या चहाखान्यांतून विचारत फिरला, सूर्य मावळताना परत आला. कुणी बघितलं नव्हतं. पुढे आठवडाभर आम्ही इस्पितळांत विचारलं, मशिदींतून सांगायला लावलं. त्या दिवशी कुणाचा चेहरा फाटला असेल, कुणी मेला असेल, किंवा त्याने कागद खिशात विसरला असेल आणि शर्ट धुताना बायकोने कचऱ्यात टाकला असेल. आजपर्यंत माहीत नाही.

दसूकीचा एक डोळा गेला. जबडा तारेने बांधला. वगीहचा अंगठा मुळापासून कापावा लागला. दोघं एकाच दालनात होते, चार खाटा सोडून. दसूकीने एकदा पाटीवर लिहून विचारलं म्हणे, "माझे दात कुठे?" वगीहने उत्तर पाठवलं, "माझ्या खिशात. सांभाळून ठेवलेत."

तिसऱ्या दिवशी मी वगीहजवळ गेलो. विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस.

"घेऊन काय झालं असतं? दोन अंगठे गेले असते. त्याला एक पुरला."

"वगीह, मी खुदाची शपथ घेतली होती."

"ते तुमचं आणि त्याचं, हाजी. मला मध्ये घेऊ नका. पाणी द्या."

तिथून मी मासळीबाजारात गेलो आणि गंदूरला सांगितलं, रीळ माझं होतं. तो एका मोठ्या माशाचं पोट फाडत होता. त्याने सुरी पुसली.

"आता सांगतोस?"

एवढंच. मग त्याने पाठ फिरवली. ती अजून फिरवलेलीच आहे. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याला तेही कळलं असावं.

वगीह आता कॉइल वळत नाही. डाव्या हाताने मोटारी भरतो. सावकाश होतात, पण होतात. गुरुवारी शेखच्या प्रवचनाला माझ्याच शेजारी बसतो. गाणं संपलं, डफ खाली ठेवला की शेख विचारतात, आज कुणासाठी दुवा मागायची? लोक आजाऱ्यांची नावं सांगतात, मेलेल्यांची सांगतात. पहिल्या गुरुवारी शेखनी स्वतःहून वगीहचं नाव घेतलं, तर हा उठून उभा राहिला, हाताला पट्टी बांधलेली, आणि म्हणाला, "माझं नको, मौलाना. मला सगळे ओळखतात. ज्याला कुणी ओळखत नाही, त्याचं घ्या." शेखनी विचारलं, नाव काय? "नाव विचारायचं राहिलं," वगीह म्हणाला. आणि तेव्हा रडला. वाईसमध्ये जितका नव्हता रडला, तितका.

तेव्हापासून दर गुरुवारी हेच.

तर चहा प्या, उठा, पण एक विनंती ऐकून जा. तुम्ही कुठलेही असा, कुणापुढेही हात जोडत असा, आज रात्री जोडाल तेव्हा त्या माणसाची आठवण ठेवा. मोहरीच्या रंगाचा शर्ट, छाटलेली दाढी, रोझेट्याच्या गाडीत बसलेला. जिवंत असेल तर त्याने तो कागद उघडू नये एवढं मागा. आणि नसेल, तर त्याच्यासाठी जे मागायचं ते मागा.